चौसष्ट चिन्हांचा अंगठा

मी आयुष्यभर मुद्रितशोधन केले. संध्याकाळी अमरावतीच्या एका दैनिकाची पाने, दिवसा घरी पुस्तकांची प्रुफे. हे काम खरे तर दोघांचे. एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने छापील मजकुरावर बोट ठेवून ऐकायचे. दैनिकात वाचणारे बदलत गेले. घरी वाचणारी एकच होती, माझी पत्नी. ती विरामचिन्हेही वाचत असे. ‘स्वल्प’, ‘पूर्ण’, ‘नवा परिच्छेद’ हे शब्द ती इतक्या कोरड्या स्वरात उच्चारी की मजकूर दुःखाचा होता की विनोदाचा, हे मला नंतर स्वतंत्रपणे वाचून ठरवावे लागे.

ती हिवरखेडची. तिच्या माहेरी तिच्या आधीच्या कोणत्याही बाईला सही करता येत नव्हती. तिने मात्र आपली सही शाळेत असताना बसवली होती आणि लग्नानंतर फक्त आडनाव बदलले, वळण बदलले नाही. माझ्या सहीपेक्षा तिची सही चांगली होती. हे मी तिला कधी सांगितले नाही. तिला ते ठाऊक होते.

गेल्या हिवाळ्यात तिला पक्षाघात झाला. उजवा हात दुबळा झाला, ओठ एका बाजूला ओढला गेला आणि बोलणे बंद पडले. डॉक्टरांनी त्याला वाचाघात म्हटले. या विकारात माणसाची समज शाबूत असते. शब्दही आत कुठेतरी असतात. ते वेळेवर हाती लागत नाहीत एवढेच. पाणी हवे असते, पाणी दिसत असते, ओठ हलतात आणि तोंडातून निघते ‘खुर्ची’. खुर्ची चुकीची आहे हेही तिला त्याच क्षणी कळते. त्रास तिथे असतो.

मुलगी अकोल्याला जठारपेठेत राहते. वाचा-उपचार करणारी एक बाई तिच्या घरापासून जवळच आहे, म्हणून आम्ही पत्नीला तिथे नेले. मीही गेलो. उपचार करणारी बाई वयाने माझ्या मुलीपेक्षा लहान होती. काही आठवडे तिने आमच्या दोघांकडे शांतपणे पाहिले आणि एक दिवस मला बाहेरच्या खोलीत बोलावले.

“काका, रागवू नका. काकूंना शब्द सापडायच्या आधी तुम्ही तो देऊन टाकता.”

“तिला त्रास होतो.”

“होऊ द्या. तुम्ही समोर असलात की त्या शोधतच नाहीत. वाट पाहतात.”

मी तपासले. ते खरे होते. पत्नी मुलीशी दोन शब्द बोलत असे, उपचाराच्या वेळी पाच-सहा. मी खोलीत आलो की ती ओठ मिटून घेई आणि माझ्या तोंडाकडे पाही. माझे तोंड तर चूक शोधायला बसलेल्या माणसाचे आहे. ते बदलण्याचे वय राहिले नव्हते.

परत जाण्यासाठी मी, अमरावतीच्या घराला कुलूप किती दिवस ठेवायचे, असे काहीतरी कारण काढले. ते कोणाला पटले नाही. पत्नीने डावा हात उचलून दाराकडे केला आणि म्हणाली, “जा.” शब्द स्वच्छ होता. मी निघालो. मूर्तिजापूरपर्यंत तो शब्द मी बसमध्ये अनेकदा तपासला. त्यात राग सापडला नाही.

अमरावतीला आल्यावर मला तिचे रोजचे काही कळावे म्हणून मुलगी तिच्या सरावाच्या छोट्या चित्रफिती फोनवर पाठवू लागली. ताटातल्या भाज्यांची नावे, घरातल्या माणसांची नाती. ही व्यवस्था चालली असती. पण भेटायला आलेल्या एका नातेवाइकाने तिचा असाच एक प्रयत्न आपल्या फोनवर टिपला आणि भावकीच्या गटात टाकला. खाली जोडलेले हात. त्याखाली आणखी बरेच जोडलेले हात. चित्रफितीत ती वांग्याला काय म्हणावे हे शोधत होती. तिला ते सापडले नाही, तेवढ्यात चित्रफीत संपली. संपूर्ण भावकीने ते पाहिले आणि तिने मुलीच्या फोनवर भावकीला ते पाहताना पाहिले.

त्यानंतर कोणी फोन उचलला की ती डाव्या तळहाताने तोंड झाकू लागली. सराव थांबला.

मुलगी संगणकाचे काम करते. परगावच्या कंपन्यांचे सर्व्हर ती जठारपेठेतल्या घरातून सांभाळते. तिने एक उपाय काढला. डब्याएवढी एक संगणकाची पेटी तिने घरातच बसवली. आईचा सराव त्या पेटीत राहील, पेटी घरात राहील, आणि तो पाहण्याची वाट फक्त एका माणसासाठी उघडेल. तो माणूस कोण, असे तिने आईला विचारले. पत्नीने भिंतीवरच्या आमच्या जुन्या छायाचित्राकडे बोट केले. बोट नेमके माझ्यावर होते, असे मुलीने मला फोनवर सांगितले. मी “बरं” म्हणालो.

म्हणजे ही वाट मला मिळाली तर तिचा सराव मला ऐकता येणार होता आणि सराव पुन्हा सुरू होणार होता. उपचार करणाऱ्या बाईने सांगितले होते की पहिल्या वर्षात जे परत येते ते येते. नंतर गती मंदावते. त्यातले बरेच महिने गेले होते. प्रश्न एवढाच होता आणि तो लहान नव्हता.

एका दुपारी मुलीचा फोन आला. तिने मला दिलेला तिचा जुना लॅपटॉप मी उघडला, तिने सांगितलेला पत्ता टंकला. पडद्यावर लाल त्रिकोण आला. तुमचे कनेक्शन खाजगी नाही, असे त्याखाली लिहिले होते.

“आलं का लाल?” मुलीने विचारले.

“आले.”

“घाबरू नका. पण पुढं बी जाऊ नका, बाबा. आधी अंगठा जुळवा लागते. आई अंगठा देईन, तो तुमी जुळवून पाहा.”

मी म्हणालो, “तुझी आई अंगठा देणार नाही.”

“अं?”

“सही जमत नसेल तर काम राहू दे. तिचा अंगठा कुठे घ्यायचा नाही.”

मुलीला कळले. पक्षाघातानंतर अकोल्याच्या एका बँकेत काही कामासाठी पत्नीला नेले होते. उजवा हात चालत नव्हता म्हणून तिथल्या माणसाने शाईचे पॅड पुढे केले आणि तिचा डावा अंगठा धरून कागदावर दाबला. त्याची चूक नव्हती. नियम तसा होता. आमच्याकडे अडाणी माणसाला अंगठेबहाद्दर म्हणतात. बँकेपासून जठारपेठेपर्यंत ऑटोत तिने तो अंगठा मुठीत मिटून ठेवला होता. घरी आल्यावरही तिने तो लवकर धुतला नाही. मूठ उघडावी लागली असती.

“बाबा,” मुलगी हळू आवाजात म्हणाली, “आईचा अंगठा नाही वो. पेटीचा. आमच्या धंद्यात त्याले थम्बप्रिंट म्हनतात. शाई नाही, बोट नाही. नुसते आकडे अन् अक्षरं हायेत. आई ते वाचून दाखवनार.”

“वाचून?”

“हो. तोंडानं.”

मग तिने मला सगळे समजावले. मी दोनदा विचारले, तिने दोनदा सांगितले. मला जे समजले ते असे.

इंटरनेटवर कोणतेही संकेतस्थळ आपली ओळख सांगण्यासाठी एक प्रमाणपत्र दाखवते. अमुक पत्त्यावरचा मी, ही माझी कुलपाची किल्ली, तुम्ही पाठवलेले या किल्लीने बंद करा, म्हणजे ते मलाच उघडेल, असा त्याचा आशय असतो. बँकांच्या, सरकारी कार्यालयांच्या प्रमाणपत्रांवर मान्यताप्राप्त संस्थांची मोहोर असते. ब्राउझर ती मोहोर ओळखतो आणि आपल्याला काही न विचारता दार उघडतो. तहसीलदाराचा शिक्का पाहून पुढचा कारकून कागद वाचत नाही, तसेच. पेटीचे प्रमाणपत्र मात्र मुलीने घरीच बनवले होते. त्यावर मोहोर पेटीचीच. मी मीच आहे, असे मीच लिहून देतो. ब्राउझरने त्यावर विश्वास ठेवावा असे काही कारण नव्हते आणि त्याने तो ठेवला नाही, हे मला योग्य वाटले.

“बाहेरचा शिक्का का नाही घेतला?” मी विचारले.

“फुकट भेटते, बाबा. पण मंग पत्ता जाहीर वहीत चढते. कोनी बी पाहू शकते की असा असा पत्ता हाय. आईले जाहीर काहीच नको.”

बरोबर होते.

आता प्रश्न राहतो की माझ्या पडद्यावर आलेले प्रमाणपत्र खरोखर जठारपेठेतल्या पेटीचेच आहे, की वाटेत कोणी बसून आपले प्रमाणपत्र पुढे केले आहे. दोन्ही प्रमाणपत्रांवर नाव तेच लिहिता येते. नाव लिहायला काही लागत नाही. म्हणून ठसा.

प्रमाणपत्राचा सगळा मजकूर एका ठरलेल्या गणितातून काढतात. निघतात चौसष्ट चिन्हे. शून्य ते नऊ हे आकडे आणि ए ते एफ ही सहा अक्षरे. मजकूर एक ओळीचा असो की ग्रंथाएवढा, ठशाची लांबी तेवढीच. तोच मजकूर पुन्हा काढला तर तोच ठसा. मजकुरात एक अनुस्वार बदलला तर ठसा थोडा बदलत नाही, सगळाच बदलतो. ठशावरून मूळ मजकूर परत मिळवता येत नाही, आणि ठरलेला ठसा यावा असा दुसरा मजकूर आजवर कोणाला बनवता आलेला नाही. मी चाळीसहून अधिक वर्षे अनुस्वार शोधले. असे गणित तेव्हा असते तर मी उपाशी राहिलो असतो, असे आधी वाटले. मग लक्षात आले की चूक आहे एवढेच ते सांगते. कुठे आहे हे सांगत नाही. म्हणजे ते संपादकासारखे आहे. शोधणारा लागलाच असता.

ठसा गुप्त नसतो. भर बाजारात ओरडून सांगितला तरी बिघडत नाही. अट एकच. ज्या वाटेची शंका आहे त्याच वाटेने तो येता कामा नये. दुसऱ्या वाटेने यावा, आणि ज्याच्याकडून येतो ते माणूस ओळखीचे असावे. सगळ्यात चांगली वाट म्हणजे फोनवर ओळखीचा आवाज. त्या बाजूने पेटीच्या पडद्यावरचा ठसा वाचायचा, या बाजूने मी माझ्या पडद्यावरच्या ठशाशी जुळवायचा.

“तू वाच,” मी म्हणालो.

“नाही. आई वाचन. उपचारवाल्या म्याडमनंच सांगतलं. याच्यात पुढचं काय येईन याचा अंदाजच बांधता येत नाही, म्हनून हे चांगलं हाय म्हने.”

“चौसष्ट चिन्हे?”

“चौसष्टच्या चौसष्ट. लोकं पहिले चार अन् शेवटचे चार पाहतात, मधातलं सोडून देतात. चोराले बी ते माहीत हाय. तो टोकाची जुळवून आनते. मधातली नाही आनता येत.”

“ती थकेल.”

“थकू द्या. अन् एक. तुमी मधात बोलाचं नाही.”

“मी काय बोलणार आहे?”

“तुमच्यासमोर सगळं लिहेल हाय ना. आई अडकली की तुमी सांगान. तुमी सांगतलं अन् आईनं हो म्हटलं, तर ते जुळनं कायचं? ते तर तुमी तुमच्याशीच जुळवलं.”

उपचार करणाऱ्या बाईने तेच सांगितले होते. तिने ते माझ्या स्वभावाबद्दल सांगितले. हे नियमातच होते. नियम पाळणे मला सोपे जाते.

मुलीने फोन आईजवळ ठेवला. पडद्यावरचा ठसा तिने चार ओळींत, जोड्या पाडून मोठ्या अक्षरांत लावला होता, असे तिने सांगितले. मी माझ्याकडचा ठसा एका कागदावर तसाच चार ओळींत उतरवून घेतला. पेन्सिल घेतली. पहिल्या जोडीखाली टोक ठेवले.

फोनमध्ये श्वास ऐकू आला. पक्षाघातानंतर तिचा आवाज बदलला होता. जाड झाला होता, कडा गेल्या होत्या. आवाज ओळखीचा हवा, अशी अट होती. पण वाचायला सुरुवात करण्याआधी ती नाकाने छोटा श्वास घेते आणि तो अर्ध्यावर सोडते. हस्तलिखित हातात घेतल्यावर ती नेहमी तसे करी. तो श्वास मी ऐकला. अट पूर्ण झाली.

“चार,” ती म्हणाली. बऱ्याच वेळाने, “सी.”

मी खूण केली. “हं.”

‘हं’ एवढे म्हणायला परवानगी होती.

“नऊ. दोन.”

“हं.”

“एक. ... ए.”

“हं.”

“सात. शू... शून्य.”

डी तीन. शून्य पाच. बी आठ. ‘बी’ मऊ आला पण ओळखता आला. सहा ई. पहिली ओळ संपली. आकडे ती मराठीतून म्हणत होती आणि अक्षरे अर्थातच इंग्रजीतून. आपल्याकडे सगळेच असे वाचतात. गाडीचा क्रमांकही असाच सांगतात. त्यात काही अडचण येईल असे मला वाटले नव्हते.

प्रत्येक जोडीच्या मध्ये अंतर होते. त्या अंतरात मला पुढचे चिन्ह दिसत असे. ते माझ्या पेन्सिलीच्या टोकाखाली असे. मी जीभ दातांमागे धरून ठेवली. डी तीन म्हणताना ती ‘डी’वर थांबली आणि तिथेच राहिली. “डी... डी...” मागे मुलगीही काही बोलली नाही. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. तीन. तो अगदी साधा आकडा आहे. तो तिच्या तोंडून येईपर्यंत मी खिडकीबाहेरच्या तारेवर बसलेला पक्षी पाहिला, तो उडाला, तार हलायची थांबली.

“तीन,” ती म्हणाली.

“हं,” मी म्हणालो.

दुसरी ओळ. तीन नऊ. ए एक. मग ती थांबली, श्वास घेतला आणि म्हणाली, “एक. सात.”

माझ्या कागदावर एफ सात होते.

मी पेन्सिल उचलली नाही. तिच्या ओठाची उजवी बाजू पूर्ण मिटत नाही. एफ म्हणायला खालचा ओठ दातांना टेकावा लागतो. तो टेकत नाही, वारा बाजूने निघून जातो आणि शेवटी काही कळण्याजोगे उरत नाही. त्यात फोन. एफ आणि एक यांत मग काही फरक राहत नाही. आधीच्या दहा जोड्या अचूक जुळल्या होत्या. इतके जुळून मध्येच एक चिन्ह वेगळे, असे दुसरे प्रमाणपत्र घडत नाही. तिने एफच वाचला होता याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

ती थकली होती. तिचा श्वास मोठा झाला होता. ‘हं’ म्हणणे सोपे होते. कोणाचे काही बिघडले नसते.

पण मी ऐकले होते ‘एक’. समोर होते ‘एफ’. तिला एफ म्हणायचे होते हे मी ठरवले असते, तर अकोल्याला तिच्यासमोर बसून मी जे करीत होतो तेच इथेही केले असते. फक्त शब्द पुरवण्याऐवजी कान पुरवला असता. तिच्या वाचनाला मी कधी सवलत दिली नव्हती. तिने ती कधी मागितली नव्हती.

“जुळत नाही,” मी म्हणालो.

पलीकडे खुर्ची सरकली.

“बाबा...” मुलीचा आवाज आला. तिने स्वतःच तो आवरला.

“एक,” पत्नी पुन्हा म्हणाली. सावकाश. “एक. सात.”

“जुळत नाही.”

“ए...क.”

“नाही.”

हातातले काहीतरी टेबलावर आपटले. चमचा असावा.

“एक नाई वो!” ती ओरडली. “एक कोन म्हनते? कान गेले का तुमचे? ए, बी, सी, डी, ई... त्याच्या बादचं! बादचं ते!”

मी फोन कानापासून थोडा दूर धरला. मग पुन्हा जवळ आणला.

पक्षाघातानंतर तिच्या तोंडून दोन शब्दांपेक्षा मोठे वाक्य मी ऐकले नव्हते. ही वाक्ये एकामागून एक आली होती. कर्ता, क्रियापद, प्रश्नचिन्ह, सगळे जागच्या जागी. फोनवर आता मुलीचे रडणे किंवा हसणे ऐकू येत होते. दोन्ही सारखेच ऐकू येतात.

“आई,” ती म्हणत होती, “आई, तू काय म्हनली आत्ता? तू काय म्हनली?”

“यायले... ऐकू येत नाई,” पत्नी म्हणाली. ती माझ्याबद्दलची तक्रार मुलीकडे होती.

मी पाणी प्यायलो.

“एफ,” मी म्हणालो. “आता कळले. तूच सांगितलेस. पुढे वाच.”

“सात,” ती म्हणाली. त्या ‘सात’मध्ये चीड होती. ती मला परिचयाची होती. माझे बोट एखाद्या ओळीवर मागे राहिले की तिच्या पूर्णविरामात ती उतरत असे.

“हं.”

पुढच्या ओळींत आणखी दोनदा एफ आला. दोन्ही वेळा ती ए, बी, सी, डी, ई म्हणाली, थांबली, आणि “बादचं” म्हणाली. ही तिने स्वतः बसवलेली रीत होती. एखादी मालिका आपोआप म्हणता येते पण तिच्यातला एक मणी वेगळा काढता येत नाही, हे तिच्या विकाराचे लक्षण आहे, असे उपचार करणाऱ्या बाईने मला नंतर सांगितले. काढता येत नाही म्हणून तिने सगळी माळच पुढे केली. दुसऱ्यांदा तर ‘बादचं’ म्हणताना तिने जरा दमही दिला. “आलं का ध्यानात?” असे विचारले. मी “आले” म्हणालो.

चौथ्या ओळीच्या मध्यावर ती पुन्हा अडकली. यावेळी आकड्यावर. आठ होता. “सा... नऊ... नाई.” ती चुकीचे शब्द एकेक उचलून बाजूला ठेवत होती. मी टोक आठाखाली ठेवून बसलो. मला घाई नव्हती. दुपार उतरायला लागली होती आणि खोलीत उन्हाचा पट्टा माझ्या कागदापर्यंत आला होता.

“आठ,” ती म्हणाली.

शेवटची जोडी शून्य डी होती. ती तिने एका दमात म्हटली आणि सवयीने पुढे म्हणाली, “पूर्ण.”

तो पूर्णविराम ठशात नव्हता. मी त्यावरही खूण केली.

“जुळले,” मी म्हणालो. “सगळे.”

मुलीने सांगितले तसे मी त्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवण्याची संमती दिली. आता ब्राउझर हा ठसा लक्षात ठेवील, पुढच्या वेळी त्या पत्त्यावर दुसराच ठसा दिसला तर पुन्हा लाल त्रिकोण दाखवील, असे तिने सांगितले. लाल गेले. पेटी उघडली. आत एकच चित्रफीत होती, पेटीच्या चाचणीसाठी त्या सकाळी घेतलेली. मी ती लगेच लावली नाही. फोन अजून चालू होता.

“बाबा, ऐका,” मुलगी नाक ओढत म्हणाली. “हे प्रमाणपत्र मी नुसतं तपासाले बनवलं होतं. परवा संपते. आता पक्कं बनवतो. नवं बनवलं की ठसा बी नवा. म्हनजे अजून एकडाव आईले वाचा लागन. मंग कटकट नाही. दहा वर्सांचं करून टाकतो.”

“दहा वर्षे नको.”

“काहून?”

“महिन्याचे कर.”

“महिन्याचं? दर महिन्याले जुळवत बसान? अवो बाबा, आमच्या हापिसात लोकं हे टाळासाठी पगार घेतात.”

“महिन्याचे कर,” मी पुन्हा म्हणालो. कारण दिले नाही. मला दर महिन्याला चौसष्ट चिन्हे हवी होती, एकही कमी नको होते. हे कारण सांगण्यासारखे नव्हते.

मुलगी काही म्हणणार होती. तेवढ्यात मागून आवाज आला.

“महिना... कायले?” पत्नी विचारत होती. शब्दांमध्ये मोठी अंतरे होती, पण ती एकेक पार करीत होती. “तवरी... तुमी... येत नाई का... इकडं?”

मी लॅपटॉपकडे पाहिले. मग भिंतीकडे पाहिले. घराला कुलूप लावायला फार वेळ लागत नाही.

“सकाळच्या गाडीने येतो,” मी म्हणालो.

“हं,” ती म्हणाली.

“मंग मुदत काय टाकू?” मुलीने विचारले. “बाबा? महिना की दहा वर्सं?”

“तिला विचार.”

मुलीने विचारले. उत्तर लवकर आले नाही. मी फोन धरून बसलो. मला एक शब्द सुचला होता, तो योग्यही असावा. मी तो माझ्याजवळच ठेवला. बाहेर कोणीतरी सायकल उभी केली, स्टँड लावला. पलीकडे ती दोन शब्द उचलून बाजूला ठेवत होती. त्यांचे नुसते आरंभ ऐकू येत होते.

“साल,” ती म्हणाली.

‘ल’ इतका स्पष्ट होता की ‘सात’ ऐकू येण्याचा प्रश्न नव्हता.